उंची मीटरमधेच मोजा: ट्रेकर्स आणि क्लाइंबर्सनी फुटांवरून मीटरवर यायचं कसं

एका ट्रेकच्या आधी रूटचा मेसेज आला होता, त्यात दुसऱ्या दिवसापुढे नुसतं "चढ १२००" एवढंच लिहिलेलं. तोपर्यंत आमचं सगळं बोलणं फुटांत चाललेलं, त्यामुळे सगळ्यांनी ते फूटच धरलं, म्हणजे जेमतेम ३६६ मीटर, म्हटलं तासा-सव्वा तासाचं काम आहे, दुपारनंतर निघालो तरी चालेल. ते होते १२०० मीटर. शेवटचा टप्पा हेडलॅम्पच्या उजेडात चढलो, पाणी संपलेलं, दोघं जण पार थकलेले. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ज्या आकड्यापुढे एकक नाही तो आकडा मी हिशोबात धरतच नाही.

यातली खरी भीती अशी की उंचीचे आकडे दोन्ही एककांत खरे वाटतात. कुणी सांगितलं की सॅकचं वजन ६० आहे तर आपण लगेच विचारतो, ६० काय? पण "कॅम्प ५००० वर आहे" म्हटलं की कुणी काही विचारत नाही. ५००० फूट म्हणजे १५२४ मीटर, तिथे विरळ हवेचा फारसा प्रश्नच येत नाही. ५००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जरासाच वर असतो. एकच आकडा, पण एका ठिकाणी तुम्ही पहिल्याच दिवशी जाऊन झोपू शकता आणि दुसऱ्या ठिकाणी असं केलंत तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, एकच एकक धरा आणि ते मीटर असू द्या. आणि मीटर धरा म्हणजे फुटांत विचार करून मोबाईलवर मीटर काढणं नाही, डोंगराचा विचारच मीटरमधे करायचा.

सगळ्यात आधी सेटिंग बदला. घड्याळ, फोनमधलं मॅप ॲप, जीपीएस, अल्टिमीटर, जे जे उंची दाखवतं ते सगळं मीटरवर, आणि फक्त स्वतःचं नाही तर ग्रुपमधल्या प्रत्येकाचं, निघायच्या आदल्या दिवशी एकत्र बसून. एकाचं घड्याळ फुटांत आणि दुसऱ्याचा नकाशा मीटरमधे असला की धुक्यात उभं राहून गुणाकार करायची वेळ येते, आणि दमलेल्या डोक्याने केलेला गुणाकार चुकतो, विरळ हवेत तर हमखास. अंतरसुद्धा किलोमीटरवर आणा, कारण काही उपकरणांमधे उंची आणि अंतराची सेटिंग वेगवेगळी असतात, मग अंतर किलोमीटरमधे आणि उंची फुटांत अशी खिचडी दिसत राहते.

लिहिताना एकक पूर्ण लिहा. घाईघाईत टाइप करताना "मी." आणि "मि." यात कायम गडबड होते, "पुढे ९० मि चढ" म्हणजे नव्वद मिनिटं की नव्वद मीटर? मी तर सरळ "मीटर" आणि "मिनिटं" असं पूर्ण लिहितो, दोन-चार अक्षरं जास्त लागतात पण शंका राहत नाही.

आणि अजून एक, मीटर-फूट याच्याइतकंच महत्त्वाचं. आपण "उंची" हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्या दिवशी चढायची उंची. "आज ७०० उंची आहे" याचा नक्की अर्थ काय? समजा कॅम्प ३२०० मीटरवर आहे, खिंड ४१०० वर, तिथून ३६०० पर्यंत उतार आणि मग पुन्हा ३९०० पर्यंत चढून पुढचा कॅम्प. दोन कॅम्पमधला फरक ७०० मीटर, पण पायांना चढायचेत ९०० अधिक ३०० म्हणजे १२०० मीटर, आणि शिवाय ५०० मीटर उतार. तीन वेगळे आकडे आहेत आणि तिन्ही लागतात, झोपायची उंची तब्येतीसाठी, एकूण चढ वेळेसाठी, उतार गुडघ्यांसाठी. त्यामुळे मेसेज असा लिहा: "दिवस २, झोपायची उंची ३९०० मीटर, चढ १२०० मीटर, उतार ५०० मीटर, अंतर ९ किलोमीटर." कुणाला काही विचारावं लागत नाही.

डोक्यात खुणा तयार करा

मीटरची सवय लागत नाही कारण आकडा ऐकून डोळ्यासमोर काही येत नाही, "तेरा हजार फूट" म्हटलं की येतं. यावर उपाय म्हणजे ओळखीच्या खुणा. माझ्या डोक्यात असलेल्या सांगतो, तुम्ही तुमच्या घ्या. २५०० मीटर, इथून वर विरळ हवेचा त्रास व्हायला लागू शकतो. ३०४८ मीटर म्हणजे बरोब्बर १०,००० फूट, फुटांच्या जगातून इकडे यायला हा चांगला पूल आहे. ४००० मीटर म्हणजे १३,१२३ फूट, आल्प्समधे या रेषेच्या वर जाणाऱ्या ८२ शिखरांची यादी आहे आणि तिकडचे क्लाइंबर ती आयुष्यभर पुरी करत असतात. ५५०० मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा. आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर किलिमांजारो ५८९५. मग ६०९६ म्हणजे २०,००० फूट. दक्षिण अमेरिकेतलं सगळ्यात उंच शिखर अकोंकाग्वा ६९६१, सात हजाराला अगदी थोडं कमी. आणि ८००० मीटर, ज्याच्या वर जगात १४ शिखरं मानली जातात, कांचनजंगा ८५८६, केटू ८६११, एव्हरेस्ट ८८४९. "आठ हजारी" ही ओळखच मीटरमधून आलीय, फुटांत ती २६,२४७ होते आणि त्या आकड्यात लक्षात राहण्यासारखं काही नाही.

दोन-तीन ट्रेक अशा खुणा वापरल्या की आकडा आपोआप जागा घेतो. मधल्या काळात रूपांतर करावं लागणारच, त्याची सोपी पद्धत अशी. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, १९५९ पासून ही व्याख्या अगदी अचूक ठरवलेली आहे. म्हणून फुटांना तीनने गुणा, एक शून्य उडवा, आणि जे येईल त्यात दर हजार मीटरमागे १६ मीटर मिळवा. १८,००० फूट घ्या, तीनने गुणून शून्य उडवलं की ५४००, त्यात साधारण ८६ मिळवले की ५४८६, आणि खरं उत्तर पण ५४८६च आहे. उलटं करायचं तर मीटरपुढे शून्य लावा, तीनने भागा, आणि दर हजारामागे १६ कमी करा: ४२०० मीटर, ४२,००० भागिले ३ म्हणजे १४,०००, त्यातून २२४ गेले, १३,७७६ उरले, खरं उत्तर १३,७८०च्या आसपास. चालता चालता नुसतं "तीनने गुणून शून्य उडवा" एवढंच केलं तरी उत्तर दीड-पावणेदोन टक्क्यांच्याच आत चुकतं, अंदाज घ्यायला ते पुरतं.

नकाशा, वेळ आणि झोपायची उंची

मीटरचा खरा फायदा नकाशा उघडल्यावर कळतो. अंतर किलोमीटरमधे, उंची मीटरमधे, दोन्ही एकाच घरातले, त्यामुळे २ किलोमीटरमधे ४०० मीटर चढ म्हणजे २० टक्के, कागदपेन लागत नाही. हेच मैल आणि फुटांत करून बघा, एका मैलात ५२८० फूट, कुणी डोक्यात भागाकार करेल? ४५ अंशांचा उतार म्हणजे १०० टक्के, ३० अंश म्हणजे साधारण ५८ टक्के, हे दोन आकडे पाठ ठेवा, कारण बर्फाळ भागात हिमस्खलन जास्त करून ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतं.

कॉन्टूर लाईनी, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघताना नकाशाच्या कोपऱ्यात दोन रेषांमधला उंचीचा फरक किती दिलाय ते आधी वाचा, आणि तो मीटरमधे आहे की फुटांत ते पण. २० मीटरच्या कॉन्टूरवर सहसा दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे जाड रेषा ते जाड रेषा १०० मीटर, बोटाने मोजत गेलात की चढ तयार. १:२५,००० च्या नकाशावर ३० अंशांच्या उतारात २० मीटरच्या दोन रेषा साधारण १.४ मिलिमीटरवर येतात, ४५ अंशांत ०.८ मिलिमीटरवर, मी पट्टीवर पेनाने खूण करून ठेवलीय. अमेरिकेतले बरेचसे जुने टोपो नकाशे १:२४,००० चे आणि कॉन्टूर फुटांत असतात, तिथे ४० फुटांच्या रेषा असतील तर जाड रेषांमधे २०० फूट म्हणजे ६१ मीटर. अशा ठिकाणी मी आदल्या रात्री मुख्य जागांवर, खिंड, पाण्याची जागा, कॅम्प, तिथे पेन्सिलने मीटर लिहून काढतो. ट्रेकवर उभं राहून रूपांतर करायचं नाही हा माझा नियम आहे.

वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मधे एक नियम दिला, ३ मैलांना एक तास आणि शिवाय २००० फूट चढाला आणखी एक तास. मीटरमधे तो ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास असा वापरतात. पण जड सॅक असलेल्या ग्रुपला हा नियम फार घाई करतो असं माझं मत आहे, मला आल्प्समधली पद्धत जास्त पटते: चढ तासाला ३०० मीटर, उतार तासाला ५०० मीटर, सपाट अंतर तासाला ४ किलोमीटर. उंचीचा वेळ वेगळा काढा, अंतराचा वेगळा, जो मोठा तो पूर्ण धरा आणि लहान त्याच्या निम्मा. १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर अंतराचे ३ तास, चढाचे ३ तास, म्हणजे ३ अधिक दीड, साडेचार तास. नेस्मिथने तेच ३ तास ५४ मिनिटं येतात. दोन-तीन ट्रेकवर स्वतःचा वेग मोजा, "मी सॅक घेऊन तासाला २८० मीटर चढतो" हे वाक्य तुम्हाला स्वतःबद्दल माहीत असलं की कुठलाही नवीन रूट वाचता येतो. थांबे यात धरलेले नाहीत हे लक्षात ठेवा.

आता सगळ्यात गंभीर भाग, विरळ हवेची सवय. डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर मुक्काम करावा. दिवसा याच्या वर चढून खाली येऊन झोपलं तर चालतं, मोजायची ती झोपायची जागा. फुटांत बोलणारे हाच नियम कधी १००० फूट कधी १६०० फूट असा सांगतात, आणि मग एखादा नवखा ऐकतो "रोज हजार वर जायचं" आणि ते मीटर समजतो, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या थेट दुप्पट. ही चूक जीव घेऊ शकते. प्लॅन करताना फक्त झोपायच्या उंचींची एक ओळ लिहा, ३०००, ३४००, ३८००, ३८००, ४२००, आणि शेजारच्या दोन आकड्यांतला फरक बघत जा, मीटरमधे हे एका नजरेत दिसतं, ९८४३, ११,१५५, १२,४६७ असल्या ओळीत नाही दिसत.

कपड्यांच्या तयारीसाठी पण मीटर सोपं पडतं, दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने उतरतं. खाली १८ अंश असेल तर २००० मीटर वर साधारण ५ अंश, वारा वेगळा.

रोपच्या बाबतीत तर चर्चाच नको. क्लाइंबिंगचे रोप जगभर मीटरमधेच विकले जातात, ५०, ६०, ७० मीटर, जाडी मिलिमीटरमधे, मग भिंतीची उंची फुटांत ठेवून काय साधतं? एखाद्या रूटच्या माहितीत "१०० फुटांचं रॅपल" (म्हणजे रोपवरून खाली उतरणं) लिहिलेलं असतं, आपल्याकडे ६० मीटरचा रोप, दुहेरी केला की ३० मीटर, आणि १०० फूट म्हणजे ३०.४८ मीटर, प्रत्येक टोक जवळजवळ अर्धा मीटर कमी पडतं. त्यात वापरलेला रोप आखडतो, म्हणजे लेबलवर ६० असलं तरी प्रत्यक्षात कमी भरतो. वजनाने रोप ताणला जातो आणि बऱ्याचदा पाय टेकतात हे खरंय, पण त्यावर कुणी अवलंबून राहू नये. रॅपलची उंची मीटरमधे काढा, रोपच्या निम्म्याशी ताडून बघा, आणि दोन्ही टोकांना गाठ मारा, नेहमी, आकडा कितीही सोयीचा असला तरी.

आकडा किती खरा

अल्टिमीटर उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. समुद्रसपाटीजवळ दाबात १ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) फरक म्हणजे उंचीत साधारण ८ मीटर, ३००० मीटरवर ११ मीटर, ५५०० वर १४-१५ मीटर. म्हणून ३००० मीटरच्या कॅम्पवर रात्रीत दाब ५ हेक्टोपास्कलने उतरला तर सकाळी घड्याळ तुम्हाला ५५ मीटर वर गेल्याचं दाखवेल, तुम्ही तंबूतून हललेले नसताना. हे हवामान बिघडत असल्याचं लक्षण पण आहे, त्यामुळे झोपताना आणि उठल्यावर आकडा लिहून ठेवा. आणि नकाशावर उंची दिलेली जागा आली, खिंड, तळं, शिखर, की अल्टिमीटर तिथल्या आकड्यावर लावून घ्या.

जीपीएसचा प्रश्न वेगळा. तो मुळात पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून उंची काढतो, आणि खरी समुद्रसपाटी त्या आकारापासून जगात कुठे १०० मीटरपेक्षा जास्त खाली तर कुठे ८० मीटरपेक्षा जास्त उंच आहे. चांगली उपकरणं ही दुरुस्ती करून दाखवतात, काही ॲप्स करत नाहीत. एखाद्या ओळखीच्या जागेवर तपासून बघा, फरक कायम सारखाच येत असेल तर कारण हेच.

त्यामुळे रूपांतर करताना खोटी अचूकता आणू नका. कुणी सांगितलं "कॅम्प साधारण १०,००० फुटांवर आहे" तर त्याचं "३०४८ मीटर" लिहू नका, त्याने अंदाज सांगितला होता, तुम्ही त्याला मोजमाप करून टाकलंत. "सुमारे ३०५० मीटर" लिहा. एव्हरेस्टचंच बघा, १८५६ मधे २९,००२ फूट जाहीर झालं, १९५५ च्या मोजणीत ८८४८ मीटर, २००५ मधे बर्फ सोडून फक्त खडकाची उंची मोजली ती ८८४४.४३, आणि २०२० मधे नेपाळ आणि चीनने मिळून बर्फासकट ८८४८.८६ जाहीर केली. माथ्यावरचा बर्फ धरायचा की नाही यावरच चार मीटर हलतात. कॅम्प तर त्याहून सैल गोष्ट, एव्हरेस्टचा दक्षिणेकडचा बेस कॅम्प ५३६४ मीटर लिहितात पण तो हिमनदीवर आहे, तंबू कुठे लागतो त्यावर आकडा बदलतो. शिखराची उंची एका मीटरपर्यंत नेमकी लिहा, कॅम्पला १० किंवा ५० पर्यंत गोल करा, तेवढं पुरे.

पण जिथे आकडा ही सीमारेषा असते तिथे गोल करू नका. स्कॉटलंडमधे ३००० फुटांच्या वरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात, ती रेषा ९१४.४ मीटर. २००९ आणि २०१२ मधे नव्याने मोजणी झाल्यावर एकेक डोंगर यादीतून गेला, तो त्या रेषेपेक्षा पूर्ण एक मीटरसुद्धा कमी नव्हता. तिथे "९१४ मीटर" लिहिलं तर तो मन्रो आहे की नाही हे कळतच नाही.

अशी नावं आणि याद्या फुटांतच राहू द्या, त्यांचं भाषांतर करू नका. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे फोर्टीनर्स म्हणजे १४,००० फुटांच्या वरची शिखरं, ते ४२६७ मीटर होतात आणि "बेचाळीसशे सदुसष्टी" असं कुणी म्हणणार नाही. अलास्कातल्या डेनाली शिखरावर (६१९० मीटर) कॅम्पांना उंचीवरूनच नावं आहेत, "१४ चा कॅम्प", "१७ चा कॅम्प", ती हजार फुटांत. नाव तेच ठेवा पण प्लॅनमधे शेजारी खरी उंची लिहा, १४ चा कॅम्प सुमारे ४३३० मीटर, १७ चा सुमारे ५२४०, म्हणजे दोघांत ९०० मीटरच्या वर फरक आहे, एका रात्रीत झोपायची उंची तेवढी वाढवायची नाही, हे लगेच दिसतं.

शेवटचं, रेस्क्यू. विमान आणि हेलिकॉप्टर चालवणारे बहुतेक सगळीकडे फुटांत बोलतात, त्यांचे अल्टिमीटरच फुटांत असतात. त्यामुळे मदत मागताना आधी अक्षांश-रेखांश, मग उंची, आणि उंची दोन्ही एककांत, एकक तोंडाने स्पष्ट उच्चारून: "चार हजार दोनशे मीटर, म्हणजे तेरा हजार आठशे फूट." आकडे एकेक करून पुन्हा सांगा आणि समोरच्याकडून वदवून घ्या. हे दोन आकडे प्रत्येक कॅम्पसाठी घरूनच काढून एका कागदावर लिहा आणि कागद फर्स्ट एड किटमधे ठेवा, प्रत्येक किटमधे एक, कारण ज्याला हिशोब येतो तोच आजारी पडलेला असू शकतो.